वेळेआधीचा श्वास

सन १९७०. तुम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या हेन्डरसनमध्ये आहात. रस्त्याकडेला द्राक्षमळे, मळेवाले बरेचसे क्रोएशियातल्या दाल्मेशियातून आलेल्या कुटुंबांतले. इथल्या एका बाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात. गाडी ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलकडे निघते. मागच्या सीटवर तुम्ही बसा.

तिथे डॉ. माँट लिगिन्स आणि डॉ. रॉस हॉवी यांची चाचणी चालू आहे. बाळंतपण सुरू कशाने होतं, हे लिगिन्स मेंढ्यांवर शोधत होते. संप्रेरक दिल्यावर फार लवकर जन्मलेलं एक कोकरू जगेल असं वाटत नव्हतं, पण ते श्वास घेत होतं. मग वेळेआधी कळा सुरू झालेल्या बायकांना बीटामेथासोन, म्हणजे त्याच जातीचं कृत्रिम संप्रेरक, देऊन पाहायचं ठरलं. कुपीत तेच आहे की तुलनेसाठीचं दुबळं औषध, हे नर्सलाही ठाऊक नाही. तुम्ही लबाडी करा, बीटामेथासोनच्याच कुपीत शिरा.

सुई टोचली. वार ओलांडून तुम्ही बाळाच्या फुप्फुसातल्या पेशीत पोचता. अशी संप्रेरकं पकडणारं प्रथिन, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, केंद्रकाबाहेरच थांबलेला आहे. एचएसपी-९० आणि इतर प्रथिनांनी त्याला सावरून धरलंय, नाहीतर संप्रेरक बसायची खाच नीट उघडीच राहिली नसती. बीटामेथासोन खाचेत बसतं. सोबतची प्रथिनं बदलतात : एफकेबीपी-५१ सुटतं, एफकेबीपी-५२ येतं, त्याच्यामार्फत डायनीन हे वाहून नेणारं प्रथिन जोडलं जातं आणि सगळा मेळा केंद्रकाकडे निघतो.

आता रिसेप्टर डीएनएवर बसलाय. एवढ्याने काम झालं असं वाटेल, झालेलं नाही. संप्रेरकामुळे त्याची शेपटीकडची बारावी सर्पिल घडी जागेवर बसते आणि पृष्ठभागावर एक खोबण तयार होते. एसआरसी कुळातल्या सहप्रवर्तक प्रथिनांचा एक छोटा तुकडा तिच्यात नेमका अडकतो : ल्युसिन, मग कुठलीही दोन अमिनो आम्लं, मग पुन्हा दोन ल्युसिन. पाठोपाठ सीबीपी आणि पी-३०० ही प्रथिनं येतात, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवर ॲसिटिल गट चढवतात, आवळलेला डीएनए सैल होतो, जनुकं वाचली जाऊ लागतात. माझ्या मते खरी कर्तबगारी या सोबत्यांची. नाव मात्र संप्रेरकाचं होतं.

हळूहळू फुप्फुसाच्या भिंती पातळ होतात, वायुकोश मिटू न देणारं सर्फॅक्टंट वाढतं. चोवीस तासांनी दुसरी सुई.

१९७२ साली निष्कर्ष छापून आले : श्वसनाचा त्रास तुलनेच्या गटात २५.८ टक्के बाळांना, बीटामेथासोनच्या गटात ९ टक्के. रिसेप्टरचं जनुक १९८५ साली हाती लागलं, एसआरसी-१ हा सहप्रवर्तक १९९५ साली. तोवर हेन्डरसनच्या त्या मळ्यांच्या काळातली बाळं पंचविशीला आली होती.