सत्तर घरांचा निरोप

लिपी आपल्याला आईच्या बोलीइतकीच जन्मजात वाटते. पण लिपीलाही पोटापाण्याची चिंता असते. यंत्र कोणते आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर तिचे बरे-वाईट दिवस ठरतात.

मोडीचेच पाहा. हात न उचलता झरझर लिहायची ही लिपी कारकुनांची आणि सावकारांची लाडकी. पुढे छापखाने आले, आणि सुटी सुटी बाळबोध अक्षरे खिळ्यांत ओतायला सोयीची ठरली. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध घेण्याचे ठरवले. आज पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद वाचायला जाणकार शोधावे लागतात. ज्यांच्या पूर्वजांनी ते लिहिले, त्यांनाही ते परके झाले आहेत.

उर्दूची कहाणी उलटी. तिचे नस्तालीक वळण उतरत्या पायऱ्यांसारखे तिरके जाते. खिळ्यांत ते नीट बसेना. म्हणून वर्तमानपत्रेसुद्धा कातिब हाताने लिहीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक आले आणि ते वळण यंत्राला साधले. लिपी तरली, कातिबाची बोरूची कमाई मात्र हळूहळू आटली.

आता आपल्या खिशातल्या यंत्राकडे येऊ. भारतात मोबाइल सुरू झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पाठोपाठ एसएमएस आला. एका एसएमएसमध्ये रोमी अक्षरे मावत १६०, देवनागरीत लिहिले तर घरे फक्त ७०. कारण साधे आहे. निरोपाची पेटी तेवढीच. रोमी अक्षराला त्यात सात बिट पुरत, देवनागरीला सोळा लागत. शिवाय काना, मात्रा, हलन्त यांचे घर वेगळे मोजले जाई. ‘नमस्कार’ला सात घरे! दर निरोपाला पैसे पडत, आणि पुष्कळ हँडसेटवर देवनागरी उमटतच नसे. मग माणसे काय करणार? ईदच्या शुभेच्छा रोमीत, दिवाळीच्या रोमीत, ‘बाबा बरे आहेत’ हेही रोमीत.

या सवयीत ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’ एकाच पोशाखात फिरू लागले. मराठीचा ‘ळ’ हरवला तर कवीच्या ओळीतला नादच जातो, म्हणून मला हे टोचते.

पुढे यंत्र सुधारले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होतीच. २००८ साली ‘ॲ’लाही स्वतःची जागा मिळाली. आज साध्या स्मार्टफोनवर मराठी टंकता येते, बोलूनही लिहिता येते. सत्तर घरांची अडचण आता राहिलेली नाही. तरीही घरोघरची तरुण मुले आईला रोमीतच लिहितात. गरज संपली, वळण राहिले.

मोडी गेली तेव्हा यंत्राची अडचण होती, सरकारचा हुकूम होता. आज देवनागरीवर कोणाचीच सक्ती नाही. उद्या नातवंडांना आजीची पत्रे वाचायला जाणकार शोधावा लागला, तर बोट कोणत्या यंत्राकडे दाखवणार? आज संध्याकाळी मुलाला निरोप पाठवाल, तो देवनागरीत पाठवा. उत्तरही त्याच लिपीत मागा.