नागपूरच्या अनसूयाबाई आणि आईची सही

नातेपुत्याच्या घरी फडताळात एक हक्कसोडपत्र पडून आहे. मामाने पाठवलंय. आईने सही केली की आजोबांच्या उसाच्या रानातला तिचा हिस्सा मामाचा. "भाऊबीज तुटायला नको," एवढंच आई म्हणते.

मी कोड लिहून पोट भरते, कायदा कळत नाही. हा हिस्सा आला कुठून ते शोधताना अनसूयाबाई काळे भेटल्या.

१९३७ साली त्या मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टीत उठाव झाला, सरकारी माणसं मारली गेली. मग फौज आली आणि चिमूरच्या बायकांवर अत्याचार झाले. खटल्यांत कित्येकांना फाशी सुनावली गेली. त्यांचे गळे वाचावेत म्हणून अनसूयाबाई झटल्या. मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा हे मोठं वाटतं.

१९५२ मध्ये त्या नागपुरातून पहिल्या लोकसभेत गेल्या. त्याच निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायका यादीतून गळाल्या होत्या, बहुतेक उत्तरेकडच्या. त्यांनी नाव सांगितलं नव्हतं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशी नोंद चालवून घेईनात. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, सक्तीचा रकाना रिकामा, फॉर्म पुढे सरकेना.

हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं होतं. पुढे त्याचे तुकडे करून या लोकसभेने ते मंजूर केले. त्यातला वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. श्रेय एकट्या अनसूयाबाईंचं नव्हे, पण त्या त्या सभागृहात होत्या. कायदा अर्धाच होता म्हणा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ उजाडलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो दिला, पण लग्न न झालेल्या मुलींपुरता.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आमच्या बाजूला काँग्रेसची दाणादाण उडाली, पण नागपुरात अनसूयाबाई पुन्हा निवडून आल्या. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, त्या गेल्या. पोटनिवडणुकीत ती जागा बापूजी अण्यांकडे गेली.

हे सगळं मी आईला भाकऱ्या थापताना सांगितलं. तिने दोनच गोष्टी विचारल्या: त्या बाईंना भाऊ होता का, आणि आपला सातबारा मोबाईलवर दिसतो का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.