जुन्या बुलेटची वंशावळ

नवी मुंबई वयानें लहान. सिडकोची स्थापनाच १९७० ची. परंतु कोंकणांतून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग पनवेलपासून निघतो, आणि त्या वाटेनें दूर जाऊं पाहणारा तरुण येथें जुनी मोटारसायकल शोधूं लागला म्हणजे बहुधा ‘बुलेट’पाशींच थबकतो. ही केवळ ऐट नव्हे. विलायतेंत रेडिच येथें जन्मलेली ही गाडी आपल्या सैन्याच्या गरजेपोटीं इकडे आली, आणि १९५५ मध्यें मद्रासेस ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन झाली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्यें बंद पडला. मद्रासचा चालूच राहिला. शिवाय यंत्राची मूळ घडण कित्येक दशकें फारशी बदलली नाहीं, म्हणून आडगांवच्या मिस्त्रीसही ती परिचित झाली. लांबच्या प्रवासांत वेगापेक्षां हा गुण आम्हांस मोलाचा वाटतो.

विकणाऱ्याच्या शब्दावर मात्र जाऊं नये. इंजिन थंड असतांना सुरू करून पाहावें. तो तें आधींच तापवून ठेवतो, तें उगाच नव्हे! नळींतून निळसर धूर निघाला तर तेल जळतें आहे असें समजावें. चेसिस व इंजिन यांवर ठोकलेले आंकडे आर.सी.शीं ताडावे. मालकी बदलल्याची नोंद झाली नाहीं, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणींतील जुन्या मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें दिला आहे. तेव्हां २९ व ३० क्रमांकांचे नमुने परिवहन कचेरींत दाखल करण्याची निकड घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यासही आहे.