रान कोण उठवतं?

इंग्रजीतलं 'राउझ' हे क्रियापद आपण शाळेत 'जागे करणे' असं पाठ केलं आणि विसरलो. पण त्याचा उगम झोपेत नाही, शिकारीत आहे! पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द ससाण्याने पिसं झाडण्याला आणि झुडपात दडलेलं सावज हुसकून बाहेर काढण्याला वापरत. माणसं झोपेतून 'राउझ' व्हायला लागली ती नंतर. 'अराउझ' तर आणखी उशिराचं, शेक्सपिअरच्या काळातलं.

आता आपल्याकडे बघा. हाकाऱ्यांनी डबे-ढोल बडवत जनावर उठवायचं, म्हणजे रान उठवायचं. आणि आज एखादा पुढारी महागाईवर 'रान उठवतो', तेव्हा तेच हाकारे पेपरच्या मथळ्यात येऊन बसलेले असतात. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, जंगलातून थेट राजकारणात!

मागे नारायणपूरला जाताना कापूरहोळच्या फाट्यावर चहाला थांबलो होतो. पेपर वाचणारे एक काका म्हणाले, "विरोधकांनी लय रान उठवलंय." शेजारचे आजोबा शांतपणे म्हणाले, "आमचं रान तर डुकरांनीच उठवलंय." भोरकडे रान म्हणजे शेतसुद्धा, त्यामुळे विनोद फक्त मलाच कळायला उशीर झाला. (तसं कापूरहोळ इतिहासात ओळखलं जातं ते धाराऊ गाडे पाटील यांच्यामुळे, संभाजीराजांची दूधआई. म्हणजे गावाचा वारसा उठवण्यापेक्षा निजवण्याचा जास्त. असो.)

हे सगळं गमतीचं, पण याच अर्थाच्या एका क्रियापदाने टिळकांना मंडालेला पाठवलं.

'एक्साइट' हा 'राउझ'चा लॅटिन भाऊ. 'एक्सिटारे' म्हणजे बाहेर बोलावणे, झोपेतून उठवणे, आणि हो, सावज उठवणेसुद्धा. १८७० मध्ये दंडसंहितेत १२४-अ कलम घातलं, तेव्हा हेच क्रियापद निवडलं गेलं: सरकारबद्दल अप्रीती जो 'एक्साइट' करेल, किंवा तसा प्रयत्न करेल, तो गुन्हेगार. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'डिसअफेक्शन'चा अर्थ 'प्रेमाचा अभाव' इतका ताणला. सहा विरुद्ध तीन मतांनी ज्यूरीने टिळकांना दोषी ठरवलं आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या वेळी टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील होते दिनशा दावर. १९०८ मध्ये तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले होते. असली कथा आपण लिहिली तर लोक म्हणतील, जरा जास्तच झालं!

१९०८ चा खटला मुळात भाषेचाही होता. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीतले लेख मराठीत, आणि खटला चालला त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर. टिळकांची तक्रार होती की भाषांतरात शब्दांची धार बदलली आहे आणि ज्यूरीला मराठी येत नाही. स्वतःच्या बचावात ते एकवीस तासांहून जास्त बोलले. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी.

मला वाटतं, खरा घोळ क्रियापदाच्या रचनेतच होता. मराठीत 'मला जाग आली' असं म्हणतो. कोणी आणली ते सांगायची सक्ती नाही. 'झोप चाळवली', 'कूस बदलली', सगळं आपोआप. 'उठणे' वेगळं, 'उठवणे' वेगळं. (जाग येणे आणि उठणे यांच्यामधल्या जागेत आपण सगळे मोबाइलचं स्नूझ बटण दाबत असतो, तो भाग वेगळा.) इंग्रजीतही माणूस आपोआप जागा होऊ शकतो. पण कलमाला तसं चालत नाही. तिथे 'एक्साइट'ला कर्ता लागतो, आणि कर्त्याला बेड्या घालता येतात. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की बॉम्ब हा सरकारच्या दडपशाहीचा परिणाम आहे. लोकांना जाग आली आहे, आणि आणली असलीच तर तुम्ही. सरकारचं म्हणणं, तुम्ही उठवलं. एका क्रियापदाच्या प्रयोजक रूपावर सहा वर्षं! जून १९१४ मध्ये सुटून ते परत आले, तेव्हा पत्नी सत्यभामाबाई हयात नव्हत्या.

११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि 'राजद्रोह' हे नाव गेलं. नवं कलम १५२ आहे. त्यात अप्रीतीचा उल्लेख नाही, फुटीरता आणि सशस्त्र बंड वगैरे आहे. इंग्रजी मसुदा उघडून पाहिला. क्रियापद तेच आहे, 'एक्साइट्स', आणि पुढे 'किंवा तसा प्रयत्न करतो', तेही तसंच.