विकला गेलेला पेशवा

भावांनी विकलेला योसेफ मिसर देशाचा कारभारी झाला, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. तशाच तऱ्हेचा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. शालेय इतिहासात त्याचे नाव शहाजीराजांच्या ओघात येते आणि तेथेच विरते. म्हणून त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले.

मलिक अंबरचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. बालपणीच तो विकला गेला आणि मोखा बंदरामार्गे बगदादला पोहोचला. तेथील धन्याने त्यास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि 'अंबर' हे नाव ठेवले. पुढे दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही एकेकाळचा हबशी गुलामच होता. राज्यकारभाराची अंबरची खरी शाळा ती हीच, असे आमचे मत आहे. धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झालेला अंबर विजापूरच्या चाकरीत गेला. 'मलिक' हा किताब तिकडचा.

१६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही संपली असेच सर्वांनी धरले होते. अंबरने राजघराण्यातील एक वारस शोधून त्याला परांड्यास गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्यास दिली. तेथून पुढे सव्वीस वर्षे हे राज्य त्याच्या खांद्यावर उभे राहिले. मोगलांशी समोरासमोर न भिडता रसद तोडायची, डोंगरांत ओढून थकवायचे, ही बर्गीगिरी त्याने मराठा स्वारांच्या बळावर चालविली. जहांगीर तर इतका चिडला होता की, अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडत आहोत असे चित्र त्याच्या दरबारी चित्रकाराने रंगविले. चित्र १६१६ च्या सुमाराचे. अंबर त्यानंतर आणखी दहा वर्षे जगला!

पण केवळ तलवारीने हे साधले नसते. विजापूरशी सोयरीक, गोवळकोंड्याशी करार, मोगल सरदारांशी वाटाघाटी, वेळ पडली तर नमते घेऊन तह आणि संधी मिळताच गेलेला मुलूख परत, असे त्याचे धोरण होते. १६२४ मध्ये विजापूरकर मोगलांना मिळाले. अंबरने प्रथम त्यांना परत फिरण्याची विनवणी केली. ती वाया गेली, तेव्हा भातवडीजवळ तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि दोन्ही फौजा मोडल्या. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. पुढे बापाविरुद्ध बंड करून फिरणारा शहाजादा खुर्रमही अंबरच्या आश्रयास आला.

१६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. जमिनीखालून पाणी आणणारी त्याची नहर नामांकित आहे. आम्हां वरोरा-चंद्रपूरकडील लोकांना गोंड राजांच्या तलावांमुळे अशा कामाचे मोल सांगावे लागत नाही. जमिनीचा कस पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत 'मलिकअंबरी धारा' म्हणून लोकांच्या तोंडी राहिली.

तथापि तो संत नव्हता. स्वतः विकला गेलेल्या या माणसाने पुढे हबशी तरुण विकत घेऊन आपल्या फौजेत भरले. त्याला दोष देण्यापूर्वी आपण आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. अंबरच्या तारुण्यात गोव्याच्या रस्त्यावर आफ्रिकेतील स्त्रीपुरुषांचा लिलाव होत असे. हे लिहून ठेवणारा लिन्सखोटेन कोणी परधर्मी नव्हता, गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी तो चिटणीस होता. विकणारे आणि घेणारे रविवारी मिस्साला जात होते. पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला, तो १८३९ साली. १९९२ मध्ये सेनेगलच्या गोरे बेटावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी या पापाबद्दल क्षमा मागितली. आणि सुदानमध्ये लहानपणी विकली गेलेली बखिता २००० साली संत म्हणून घोषित झाली.

१६२६ च्या मे महिन्यात अंबर वारला. त्याची कबर खुलदाबादेस आहे. मोगल दरबारच्या इतिहासकारानेही या शत्रूच्या कर्तबगारीची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. त्याचा मुलगा फतेहखान याला मात्र बापाची दृष्टी नव्हती. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला आणि तीन वर्षांत निजामशाही संपली.