चॉकलेटच्या कारंज्यात पाणी का चालत नाही?

पावसाळ्यात चिंचोटीचा धबधबा पाहिला असेल, तर त्याचे पाणी कातळावर आपटून कसे पांढरे होते, थेंबाथेंबांत कसे फुटते, हे आपल्या लक्षात असेल. त्याच चिंचोटीत एखाद्या घरी वाढदिवसाला चॉकलेटचे कारंजे मांडले, तर तेथे मात्र अखंड पडदा खाली उतरताना दिसतो. यंत्र अगदी साधे असते. उभ्या नळीत एक स्क्रू फिरतो आणि चॉकलेट वर चढवतो. आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जाणारा, पाणी उपसणारा स्क्रू तो हाच. अवघड असते ते चॉकलेट तयार करणे. बाजारातली वडी नुसती वितळवून ओतली, तर पडदा जागोजागी फाटतो. पातळ करण्यासाठी कोणी चमचाभर पाणी घातलेच, तर सगळ्याचा गोळा होऊन बसतो!

गंमत अशी, की चॉकलेट मुळात पाण्यातलेच पेय. मध्य अमेरिकेतील माया आणि अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या भाजून वाटलेल्या बिया पाण्यात घुसळून पीत, त्यात मिरचीही घालीत. साखर आली ती स्पॅनिश लोकांनंतर. मात्र कोकोच्या सोललेल्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो आणि पाण्याशी त्याचे जमत नाही. पेयावर तवंग येतो. हॉलंडमधील व्हॅन हौटेन यांनी 1828 मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले आणि बराचसा स्निग्धांश पिळून काढला. उरली ती कोको पावडर.

पिळून काढलेल्या या कोको बटरचे काय करायचे? ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने 1847 मध्ये कोको व साखरेच्या मिश्रणात पाण्याऐवजी वितळलेले कोको बटरच घातले. ते मिश्रण साच्यात ओतता आले आणि खायची वडी जन्माला आली. माझ्या मते चॉकलेटच्या इतिहासातला खरा वळणबिंदू हा आहे. येथून पुढे चॉकलेट म्हणजे स्निग्ध द्रवात तरंगणारे साखरेचे व कोकोचे घन कण. दुधाचे चॉकलेट करायला निघालेल्या डॅनियल पीटर यांना स्वित्झर्लंडमध्ये अनेक वर्षे झगडावे लागले, कारण दुधात बहुतांश पाणीच. ते काढून टाकण्याचा मार्ग सापडल्यावर 1875 च्या सुमारास त्यांना यश आले.

आता चमचाभर पाण्याचा गोंधळ कळतो. साखरेला पाणी प्रिय, स्निग्धांशाला अप्रिय. थोडे पाणी पडले, की साखरेच्या कणांचे पृष्ठभाग ओले व चिकट होतात, कण एकमेकांना धरतात आणि वाहणे थांबते. भरपूर पाणी घातले तर साखर पूर्ण विरघळून पुन्हा पेय तयार होते. म्हणजे थोडे पाणी वाईट, पुष्कळ पाणी निराळे!

कण नीट वंगणले जावेत यासाठी रुडॉल्फ लिंट यांनी 1879 मध्ये बर्न येथे चॉकलेट तासन्‌तास घोटत ठेवणारे यंत्र आणले. पुढे 1930 च्या दशकात सोयाबीनचे लेसिथिन वापरात आले. ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी घातले, तरी श्यानता बरीच उतरते. तरीही चॉकलेट पाण्यासारखे वागत नाही. ठरावीक जोर लावल्याशिवाय ते हलतच नाही आणि ढवळले की पातळ होते. छपाईच्या शाईसाठी कॅसन यांनी 1959 मध्ये मांडलेले समीकरण चॉकलेटलाही लागू पडले, आणि 1973 मध्ये चॉकलेट उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते स्वीकारले.

कारंज्याचा पडदा सरळ न पडता आत झुकतो, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अ‍ॅडम टाउनसेंड व हेलन विल्सन यांनी 2015 च्या अखेरीस दाखवून दिले, की याचे मुख्य कारण पृष्ठताण. वर्गात हे पाण्यावरही दिसेल: पेनाच्या टोकावर नाणे आडवे चिकटवा आणि ते नळाच्या धारेखाली धरा. पाण्याची घंटा तयार होते.

तर घरच्या कारंज्यासाठी काय करावे? एक किलो चॉकलेटला 100 ते 125 मिलिलिटर वास नसलेले तेल पुरते. वितळवताना भांडे गरम पाण्यावर ठेवले, तर वाफेचा थेंबही आत पडू देऊ नये. कोको बटरचे सहा स्फटिक प्रकार आहेत आणि वडी चकचकीत व्हायला त्यांतला पाचवाच हवा. कारंज्यात चॉकलेट सतत वितळलेलेच राहते, म्हणून ती खटपट येथे वाचते.

याउलट आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यात वडी टिकवायची, तर निराळा स्निग्ध पदार्थ हवा, कारण कोको बटर 34 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. टाचांच्या भेगांना आपण लावतो ते कोकमाच्या बियांचे मुठेल याहून काही अंश वर वितळते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी ते चॉकलेटमध्ये मिसळून पाहिले. वडी अधिक कठीण व उष्णता सोसणारी झाली. ते काम 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. कारंज्याला मात्र मुठेल नको, तेथे पातळ तेलच बरे.

राहिले बुडवायचे पदार्थ. रसाळ फळांच्या फोडी पुसून कोरड्या कराव्यात, नाहीतर त्यांचे पाणी हळूहळू भांड्यात उतरते. वसईकरांना ही अडचण नाही. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी त्यांच्या घरात असतात, आणि ती कोरडी व गोड दोन्ही असतात.