वजन उतरवताना व्यायाम वाढवायचा की कमी करायचा? पैलवान आणि भरतीच्या पोरांसाठी माहिती

पोलीस भरती जवळ आली किंवा कुस्तीसाठी खालच्या वजनगटात उतरायचं ठरलं, की गावाकडची पोरं दोन गोष्टी एकदम करतात. जेवण निम्म्यावर आणतात आणि व्यायाम दुप्पट करतात. आठ-दहा दिवसांत वजन उतरतं, पण त्याबरोबर ताकदही उतरते. गोळा कमी लांब जातो, मांड्या जड होतात, झोप लागत नाही.

असं का होतं?
व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो. तो भरून निघतो खुराक आणि झोपेने. खुराक कमी झाला की भरपाईही मंदावते. अशा वेळी चरबी कमी करायचं काम जेवणाने करायचं असतं. व्यायामाचं काम असतं आहे ती ताकद राखणं.

वजन तेच, सेट कमी
समजा एखादा तरुण ६० किलोचे स्क्वॉट ५ वेळा, असे ५ सेट मारतो. म्हणजे एकूण १५०० किलो उचल झाली. आहार कमी असताना ६० किलो तसेच ठेवून ३ सेट केले, तर उचल ९०० किलो होते. थकवा कमी होतो, पण जड वजनाची सवय टिकते. बरेच जण उलटं करतात, वजन हलकं करून आवर्तनं वाढवतात. ताकद राखायला ते उपयोगाचं नाही.

२०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांनी आधीच्या एक-नवमांश व्यायामावरही ३२ आठवडे स्नायू टिकवले होते. मात्र ते लोक आहार कमी करत नव्हते, म्हणून एवढी मोठी कपात कोणी करू नये.

कपात कधी करायची?
- सुरुवातीला आहे तेवढाच व्यायाम ठेवा.
- सलग दोन आठवडे उचल घटली, सांधे दुखू लागले किंवा झोप बिघडली, तर सेट एक-तृतीयांशाने कमी करा.
- तालमीत ३०० बैठका असतील तर २०० करा, पण पूर्ण खाली बसून आणि दमदार. जोरांचंही तसंच.
- ऊसतोड, खुरपणी, पोती उचलणं हाही व्यायामच आहे. असं काम झालं त्या दिवशी पायांचे सेट सोडले तरी चालतं.

वजन किती वेगाने उतरावं?
आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का. ७० किलोच्या तरुणासाठी हे ३५० ते ७०० ग्रॅम होतं. म्हणजे ४ किलो उतरवायला किमान दीड ते दोन महिने हाताशी हवेत. त्यासाठी भाकरी बंद करायची गरज नाही. साखर, तळण आणि वरचं तेल आधी कमी करा. रोज ४ कप चहात दोन-दोन चमचे साखर असेल, तर तिथेच सुमारे १६० कॅलरी जातात.

प्रथिनं कमी पडू देऊ नका
एक किलो वजनामागे रोज १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोला साधारण ११२ ते १४० ग्रॅम. अंदाज असा:
- ४ अंडी: २४ ग्रॅम
- अर्धा लिटर दूध: १६ ग्रॅम
- ५० ग्रॅम सोयाबीन वडी: २५ ग्रॅम
- १०० ग्रॅम कच्ची डाळ: २२ ग्रॅम
- ५० ग्रॅम शेंगदाणे: १२ ग्रॅम
- २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ: २० ग्रॅम

यासोबत ७ ते ८ तास झोप हवी.

हे करू नका
पाणी तोडणं, जाड कपडे घालून घाम काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, याने चरबी जात नाही, फक्त पाणी जातं. १९९७ साली अमेरिकेत असं वजन तोडताना तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले गेले.

१८ वर्षांखालील मुलांनी वस्ताद आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उतरवू नये. शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना दाखवावं. चक्कर आली, छातीत धडधडलं तर त्या दिवशीचा व्यायाम लगेच थांबवावा.